डिप्लोमाचं स्थळ

आबांनी वही काढली तेव्हाच नीलाने ओळखलं, की आज चहा तीन वेळा टाकावा लागणार.

वही साधी नव्हती. शहाडच्या कारखान्यात नोकरीला लागल्यापासून आबांनी, म्हणजे विठ्ठल हांड्यांनी, जुन्नरकडच्या नातलगांची एकशे चौदा लग्नं जमवली होती आणि प्रत्येक बैठकीत काय बोलणं झालं ते लिहून ठेवलं होतं. ही त्यातली सातवी वही. जगातला कुठलाही प्रश्न दोन्ही बाजू समोरासमोर बसवल्या, मध्ये पानसुपारीचं ताट ठेवलं आणि पगार तोंडावर विचारला की सुटतो, असं त्यांचं ठाम मत होतं. धाकट्या प्रशांतने घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी बिल्डरलाही बैठकीचं बोलावणं धाडलं होतं. तो आला नाही याचा राग एकोणऐंशीव्या वर्षीही त्यांच्या मनात ताजा होता.

आजची बैठक थोरला साईनाथ आणि त्याची बायको नीला यांच्या घरी, कल्याण पूर्वेला, रविवारी सकाळी अकराला ठरली होती. ती साडेबाराला सुरू झाली, कारण प्रशांत आणि त्याची बायको रचना शीळफाट्यावर अडकले होते. आत आल्याआल्या प्रशांतने कुणी न विचारता रस्त्यांची सगळी हकिगत सांगितली आणि सोफ्याचा पंख्याखालचा कोपरा पकडला.

"सोफ्यावर मुलीकडचे," आबा म्हणाले. "चटईवर स्थळाकडचे. ज्यानं त्यानं आपली बाजू बघून बसा."

सोफ्यावर साईनाथ, प्रशांत आणि रचना बसले. साईनाथचा मुलगा ऋतुराज सोफ्याच्या हातावर टेकला. चटईवर फक्त दोघीच होत्या. एक ऋतुराजची सोळा वर्षांची बहीण संचिता, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, आणि दुसरी तिची आत्या शेवंती. शेवंतीचं डोंबिवलीला पोळी-भाजी केंद्र होतं. दोन महिन्यांपूर्वी तिथलं कणीक मळायचं यंत्र बंद पडलं, मेकॅनिकने अठराशे सांगितले आणि संचिताने ऐंशी रुपयांचा कपॅसिटर बदलून ते चालू केलं. तेव्हापासून आत्याची बाजू ठरलेली होती. नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला कुणी बाजू विचारली नव्हती.

"मुलीचं नाव?" आबांनी पेन उघडलं.

"आबा, मी समोरच बसलेय."

"रीत आहे. नाव सांग."

"संचिता साईनाथ हांडे. दहावी. एक्क्याऐंशी टक्के."

"स्थळ?"

"डिप्लोमा. इलेक्ट्रिकल. तीन वर्षं. कॉलेज बदलापूरच्या पुढे, खाजगी. फी वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार. उद्या चारपर्यंत पहिल्या वर्षाची भरली नाही तर सीट पुढच्याला जाणार."

'खाजगी' हा शब्द लिहिताना आबांचं पेन जरा अडखळलं. घरात सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

कारण संचिताला सरकारी कॉलेजातली सीट लागली होती. फी वर्षाला नऊ हजार. सीट पक्की करायचा शेवटचा दिवस नेमका अमावस्येला आला. आबा म्हणाले, अमावस्येला पैसे भरून कुणाचं भलं झालंय, उद्या सकाळी अंघोळ करून भरू. साईनाथला वडिलांचा शब्द मोडायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी झाल्या, देवापुढे दिवा लागला आणि वेबसाइटवर सीट रद्द झाल्याचं दिसलं. त्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. फक्त आबांनी रोज सकाळी तिथी वाचून दाखवणं बंद केलं होतं, आणि ते बंद झाल्याचं नीलाला फार वाईट वाटायचं.

"स्थळाला व्यसन?" आबांनी पुढचा रकाना गाठला.

"आबा, कोर्सला कसलं व्यसन असणार?" रचना हसली.

"असतं ना," शेवंती म्हणाली. "केटीचं. एकदा लागली की सुटत नाही. ऋतूला विचार."

"आत्या, यार," ऋतुराज म्हणाला. "चारच विषय राहिले होते."

प्रशांतने घसा साफ केला. घराण्यातला पहिला इंजिनिअर तो, डिग्रीवाला. गेली वीस वर्षं कुणाचं शिक्षण काय व्हावं हे त्याला विचारूनच ठरत आलं होतं, आणि या वेळी पोरीने परस्पर फॉर्म भरला हे त्याला लागलं होतं. तसं तो बोलणार नव्हता. तो भवितव्याबद्दल बोलणार होता.

"मी विरोधात नाहीये, आबा. पण प्रॅक्टिकल बोलू या. डिप्लोमावाल्याला मार्केटमध्ये काय मिळतं? बारा हजार, पंधरा हजार. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली. त्यापेक्षा अकरावी-बारावी सायन्स कर, मग डिग्री. नाहीतर एक वर्ष थांब आणि पुढच्या वर्षी सरकारी घे."

"काका, मी विचारून आलेय," संचिताने घडी घातलेला कागद उघडला. "सतरा जणांना. सगळे डिप्लोमा केलेले. हातात किती येतात तेवढंच विचारलं. पहिल्या वर्षी कमीत कमी चौदा, जास्तीत जास्त अठरा. मी सोळा धरलेत. चौथ्या-पाचव्या वर्षी अठ्ठावीस ते चौतीस. तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काम करतो तो विकी, त्याला चार वर्षं झाली. एकतीस हजार, वर ओव्हरटाइम."

"तू आमच्या विकीला पगार विचारलास?"

"लिफ्ट बंद होती ना, आम्ही तुमच्याकडे आलेलो तेव्हा. तो काम करत होता, मी टॉर्च धरलेला."

"बरं, आणि वर्षभर थांबलीस तर?"

"सरकारीत तीन वर्षांचे सत्तावीस हजार, इथे दोन लाख चौतीस. वाचले दोन लाख सात. पण वर्ष उशिरा कमवायला लागणार. सोळा हजार गुणिले बारा, एक लाख ब्याण्णव. म्हणजे पंधरा हजार वाचवायला एक वर्ष घालवायचं. आणि पुढच्या वर्षी सरकारी सीट लागेलच असं कुणी लिहून देत नाही."

साईनाथने मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. कल्याणच्या घाऊक बाजारात धान्याच्या पेढीवर तो सव्वीस वर्षं दिवाणजी होता. आकडा बरोबर होता. पोरीने हिशोब त्याच्यासारखाच मांडला होता, आधी जाणारे, मग येणारे, आणि त्याला इतका अभिमान वाटला की तो लपवायला त्याने चष्मा पुसायला घेतला. सोफ्यावर बसून विरोध करायचा असताना असलं काही दिसणं बरं नव्हतं.

"कागदावर सगळं छान दिसतं," प्रशांत म्हणाला.

"थांब," आबा म्हणाले. "तू स्थळाचा पगार विचारलास. बैठकीचा नियम काय? जो विचारील त्यानं आधी आपला सांगायचा. हातात येणारा. वरून जाणारं कर्ज. बोल."

"आबा, माझा काय संबंध?"

"संबंध नाही तर विचारलंस कशाला?"

प्रशांतने रचनाकडे पाहिलं. रचना ताटातली सुपारी निवडत होती.

"एक लाख अठरा हजार," प्रशांत म्हणाला, आणि खोलीत तो आकडा नीट पसरेपर्यंत थांबला.

"घराचा हप्ता?"

"एकाहत्तर."

"मोटार?"

"सोळा हजार चारशे."

"पोराची शाळा? सोसायटी?"

"चौदा. साडेनऊ." आवाज बारीक होत गेला होता.

आबा वहीवर आकडे मांडत होते, पण साईनाथच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सात हजार शंभर."

"सात हजार शंभर," आबांनी लिहिलं. "यात खाता काय?"

"भाजी माझ्या पगारातून येते," रचना म्हणाली. मग तिने पदर सावरला, सोफ्यावरून उठली आणि चटईवर शेवंतीच्या शेजारी जाऊन बसली.

"रचना, हे काय?"

"पंखा लागत नव्हता मला तिथे."

पंखा सोफ्याच्या बरोब्बर डोक्यावर होता. आबांनी वहीत खूण केली. तीन विरुद्ध तीन.

"आता तू," त्यांनी पेन ऋतुराजकडे वळवलं. "डिग्रीचं स्थळ आपण तुझ्यासाठी केलं. ते कसं निघालं, सांग."

ऋतुराजला हे येणार हे माहीत होतं. प्रशांतकाकाच्या सल्ल्याने त्याने मेकॅनिकल केलं, साडेसहा लाखांचं कर्ज काढून, आणि आता ऐरोलीला एका ऑफिसात फोनवरून विमा विकत होता. दिवसातून शंभर माणसं त्याच्यावर खेकसायची. घरातल्यांची त्याला जास्त भीती वाटायची, कारण ते खेकसत नसत.

"साडेएकवीस हजार. हप्ता चौऱ्याण्णवशे."

"भरतो कोण?"

"अर्धा मी, अर्धा पप्पा." तो थांबला. "म्हणजे, तसं ठरलेलं. मधली नोकरी गेलेली तेव्हा चार महिने मी नाही भरले. पप्पांना बोललो नाही. नंतर बघितलं तर भरलेले होते."

साईनाथने चष्मा डोळ्यांवर चढवला. आता मात्र त्याला पंखा खरंच लागेनासा झाला.

"इंजिनिअरिंगच वाईट असं नाही म्हणत मी," तो घाईने म्हणाला. "पण मुलीच्या जातीला बदलापूरच्या पुढे रोज जायचं, यायचं. बी.कॉम. करावं, इथल्या इथे. पेढीवर मी शब्द टाकतो. कर्ज नको, कटकट नको."

नीला दारातून दोन पावलं पुढे आली. हा माणूस पोरीने वायर जोडलेला मिक्सर आल्यागेल्याला दाखवत हिंडतो, आणि आठ दिवसांपासून अचानक बी.कॉम. म्हणतोय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. साईनाथ खोटं बोलताना वाक्यं लहान करतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

"अहो, हिच्या कर्जासाठी बँकेच्या ज्या साहेबांना भेटणार होतात, त्यांचं काय झालं?"

"रजेवर आहेत."

"आठ दिवस?"

"हो."

"कुठे गेलेत?"

"गावी."

"कुठलं गाव त्यांचं?"

साईनाथला बँकेच्या साहेबांसाठी गाव सुचेना. त्याने प्रशांतकडे पाहिलं, जणू हेही शिक्षण त्यालाच विचारून ठरणार होतं. मग तो पानसुपारीच्या ताटाकडे बघून बोलला.

"साहेब रजेवर नाहीत. पहिल्याच दिवशी भेटले. चांगला माणूस आहे, पाणी दिलं. म्हणाले, सहअर्जदाराचा सिबिल स्कोअर पडलाय. ऋतूचे चार हप्ते उशिरा गेले ना, त्या कर्जावर सही माझीच. मी भरले, पण उशिरा भरले. दुसऱ्यांची खाती लावायला मला पगार देतात आणि माझंच खातं खराब. म्हणाले, तुमची सही आता चालणार नाही. फॉर्म परत दिला." सोफ्यावरून खाली चटईवर उतरून त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला फॉर्म काढला आणि ताटात सुपारीशेजारी ठेवला. "हिला काय सांगायचं? बी.कॉम. सांगितलं."

ऋतुराज सोफ्याच्या हातावरून उतरून खाली बसला. चटईवर नाही, सोफ्यावर नाही, मधल्या फरशीवर.

"मला का नाही बोललात, पप्पा?"

"तू मला बोललास?"

"माझी सही चालवा की," नीला म्हणाली.

"तुला पगार नाही."

ती नुसती बघत राहिली. सकाळपासूनचे डबे, पोहे, दोनदा झालेला चहा आणि पंचवीस वर्षं तिच्या त्या बघण्यात होती, आणि साईनाथला वाटलं, यापेक्षा बँकेतले साहेब बरे.

"म्हणजे त्या फॉर्मात नाही," तो सावरून म्हणाला. "फॉर्मात रकाना नाही."

"माझ्याकडे सुटे वीस हजार आहेत," शेवंती म्हणाली. "बाकी चार दिवसांपूर्वी दुसऱ्या गाळ्याच्या डिपॉझिटला गेले. आठवडाभर आधी कळलं असतं तर गाळा राहू दिला असता. पण तुम्हाला बी.कॉम. सुचत होतं."

"मी क्रेडिट कार्डवर टाकतो," प्रशांत एकदम म्हणाला. तोही आता उठून चटईच्या कडेला आला होता. भवितव्याबद्दल त्याला आज पहिल्यांदाच काही सुचत नव्हतं. "नंतर हप्ते करून घेऊ."

"कुठल्या कार्डवर?" रचनाने विचारलं.

प्रशांतने तिन्ही कार्डं मनात आठवली आणि तिथेच चटईवर बसला.

सोफा रिकामा झाला होता. दोन बाजूंची बैठक एका बाजूची झाली होती, सगळे पोरीच्या बाजूचे, आणि सगळ्यांचे मिळून वीस हजार. संचिताने कागदाची घडी घातली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेलं जमतंय का याची तिची तिलाच खात्री नव्हती.

"आबा," ती म्हणाली. "एक राहिलंय."

"काय?"

"तुमचं. सगळ्यांना तुम्ही विचारलंत. नियमाने तुमचं आधी यायला पाहिजे होतं."

एकशे चौदा बैठकींत आबांना उलट कुणी विचारलं नव्हतं. मध्यस्थाचा पगार विचारायचा नसतो, असं साईनाथ म्हणायला गेला, पण आबांनी हात वर केला. त्यांनी वहीचं नवं पान उलटलं आणि स्वतःचं नाव लिहिलं.

"पेन्शन एकवीसशे ऐंशी," ते म्हणाले. "कर्ज नाही. व्यसन तंबाखू. आणि एक एफडी. दोन लाख ऐंशी हजार."

"कसली एफडी?" तिन्ही मुलांनी एकदम विचारलं.

"माझ्या दशक्रियेची."

रचनाने हातातली सुपारी परत ताटात टाकली.

"गावाला ओढ्याकाठी करायची," आबा शांतपणे सांगू लागले, दुसऱ्या कुणाच्या लग्नाचं बोलावं तसं. "मांडव, पाचशे पानं, लापशी. प्रवचनाला ओतूरकडचे महाराज. त्यांना फोनवर बोलून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, तारीख कळवा. म्हटलं, ती माझ्या हातात नाही, पण पैसे तयार आहेत. तुम्हा तिघांवर कर्ज नको म्हणून बाजूला टाकले होते."

"आबा, ते नको," साईनाथ म्हणाला.

"मोडायची कशाला? एफडीवर कर्ज मिळतं का नाही, दिवाणजी?"

साईनाथला उत्तर द्यावंच लागलं. हिशोब विचारल्यावर गप्प बसणं त्याला जमत नसे. "मिळतं. नव्वद टक्के. दोन लाख बावन्न हजार. त्याच दिवशी. सिबिल बघत नाहीत. एफडीवर सात टक्के व्याज येत राहतं, कर्जावर आठ जातं. लागेल तसं उचलायचं. बाहेर साडेबारा टक्के पडले असते."

"म्हणजे बसतंय."

"बसतंय," साईनाथ म्हणाला आणि या वेळी चष्मा पुसायचं निमित्त त्याने केलं नाही.

"फुकट नको मला," संचिता म्हणाली. "नोकरी लागली की महिन्याला आठ हजार भरीन. सोळातले आठ. पहिलं वर्ष जड जाईल. नंतर नाही. तीन वर्षांच्या आत फिटतं."

"त्यातले अर्धे मी," ऋतुराज म्हणाला.

"तू आधी तुझे भर," सगळे जवळजवळ एकदम म्हणाले, आणि त्याला ते ऐकून बरं वाटलं, कारण अखेर कुणीतरी खेकसलं होतं.

आबा लिहीत होते. फी, व्याज, हप्ता. मग एक रकाना उरला. बैठक मोडली किंवा अडली तर दोष कोणाचा, हे ते त्यात लिहीत. इतकी वर्षं त्यात मुलाच्या मामाचं, मुलीच्या चुलत्याचं, कधी नुसत्या पावसाचं नाव आलं होतं. त्यांनी पेन त्या रकान्यावर टेकवलं.

"सरकारी सीट माझ्यामुळं गेली," ते वहीकडे बघत म्हणाले. "नऊ हजारांच्या जागी अठ्ठ्याहत्तर. दोन लाख सात हजारांची अमावस्या पडली ती. कुणी मला बोललं नाही. बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. नीलाने तोंडाला पदर लावला. प्रशांत छताकडे बघू लागला. शेवंती मात्र सरळ रडली, तिला दुकान चालवताना लाजायला कधी वेळ मिळाला नव्हता.

"पोरी," आबांनी वही संचिताकडे फिरवली. "एकशे चौदा पोरींची लग्नं लावली. विचारलं एकीलाही नाही. तुला विचारतो. स्थळ पसंत आहे?"

"पसंत आहे," संचिता म्हणाली. मग तिच्यातल्या साईनाथला राहवलं नाही. "पण आबा, मधेच तुम्हाला काही झालं तर एफडी कर्जात जाईल. दशक्रियेला काही राहणार नाही. तीन वर्षं शिक्षण, तीन वर्षं हप्ते. सहा वर्षं होतात."

"संचे, असलं बोलतात का?" नीला म्हणाली.

"बोलू दे. व्यवहार आहे." आबांनी बोटांवर मोजलं. एकोणऐंशी आणि सहा. पंच्याऐंशी. त्यांनी खिशातली तंबाखूची डबी काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि उठून खिडकीतून खाली टाकून दिली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

"प्रशांत, फोन आहे ना तुझा? महाराजांना लाव."

"आत्ता? काय सांगू?"

"सांग, विठ्ठल हांड्यांना सहा वर्षं जमत नाही. नातीचं शिक्षण चालू आहे."